ओवीपासून गझलेपर्यंत : साहित्यातील काही शब्दांची ओळख

वैद्यकीय महाविद्यालयातले आमचे पहिले वर्ष नावे पाठ करण्यात गेले. हाडांची नावे, स्नायूंची नावे, नसांची नावे. तेव्हा कंटाळा यायचा. पुढे वॉर्डात गेल्यावर त्याचा उपयोग कळला. छातीला नळी लावली की पहिल्या दिवशी प्रत्येकाला नुसती धडधड ऐकू येते. पहिला ठोका, दुसरा ठोका, त्यांच्यामधली मर्मर ही नावे समजल्यावर तोच कान वेगवेगळे आवाज निवडू लागतो. कान बदललेला नसतो. नाव मिळालेले असते.

कविता आणि कथा यांच्या बाबतीत असेच घडते, म्हणून हा लेखप्रपंच. आपल्याकडच्या मुलांना एखादी मराठी कविता वाचून दाखवावी आणि कशी वाटली म्हणून विचारावे, तर दोनच उत्तरे येतात, ‘छान’ किंवा ‘बोअर’. मुलांचा यात दोष नाही. घरात त्यांना जेवणाची, अभ्यासाची, रागावण्याची मराठी मिळते. शाळेत हिंदी मिळते, अरबी मिळते. पण कवितेबद्दल बोलण्याची मराठी घरात सहसा कोणी वापरत नाही. आपल्याला ती बालभारतीच्या पुस्तकांतून आणि वाळंब्यांच्या व्याकरणातून मिळाली, आणि परीक्षा संपल्यावर आपणही ती माळ्यावर टाकली. निदान काही शब्द खाली काढून पुसून ठेवावेत, एवढाच हेतू. मी साहित्याचा विद्यार्थी नव्हे. रोल्लात दिवसभर रुग्ण तपासायचे आणि रात्री थोडे वाचायचे, एवढाच माझा अधिकार.

सुरुवात सगळ्यांना पाठ असलेल्या गोष्टीपासून करू. गणपतीची आरती आठवा. तिच्यात चार-चार ओळींचे जे गट येतात ते ‘कडवे’. एका ओळीला ‘चरण’ म्हणतात. चरण म्हणजे पाय, आणि कविता त्यांच्यावर चालते. प्रत्येक कडव्यानंतर टाळ्यांचा जोर वाढवून आपण जे पुन्हा म्हणतो ते ‘ध्रुवपद’, बोली भाषेत ‘धृपद’ किंवा ‘पालुपद’. ध्रुव म्हणजे न हलणारे. बाकीची कडवी बदलत जातात, हे जागेवर राहते. एखादा माणूस तीच तक्रार घोळत बसला की आपण ‘याचे पालुपद चालू झाले’ म्हणतो, तो शब्द इथूनच आला आहे. शेवटच्या कडव्यात रचनाकार आपले नाव गुंफतो. ती ‘नाममुद्रा’. तुकाराम, नामदेव, एकनाथ, रामदास सगळ्यांनी ती वापरली. ही नाममुद्रा लक्षात ठेवा, ती आपल्याला पुढे एका अनपेक्षित ठिकाणी भेटणार आहे.

आता या चरणांची मोजदाद कशी होते ते पाहू. मराठी कविता मोजण्याच्या तीन रीती आहेत. ‘छंद’ अक्षरे मोजतो, लहानमोठी सारखीच. ‘वृत्त’ अक्षरांचा लहानमोठेपणा आणि त्यांचा क्रमही ठरवून देते. ‘जाती’ अक्षरे न मोजता त्यांना लागणारा वेळ, म्हणजे मात्रा मोजते. ही विभागणी पक्की करून मांडली ती माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन यांनी, ‘छंदोरचना’ या ग्रंथात. जुन्या पिढीची यादी अजून सोपी होती : ज्ञानेश्वरांची ओवी, तुकोबांचा अभंग, वामनपंडितांचा श्लोक आणि मोरोपंतांची आर्या. पहिल्या दोन छंदाच्या घरातल्या, श्लोक वृत्ताच्या आणि आर्या मात्रांच्या.

ओवी सगळ्यांत मोकळी. ग्रंथातल्या ओवीचे पहिले तीन चरण एकमेकांशी यमक जुळवतात आणि चौथा आखूड, यमकाबाहेरचा असतो. नमुन्यासाठी मीच एक जुळवली आहे. काव्य म्हणून वाचू नये, सांगाडा म्हणून वाचावी :

रोल्लाच्या चौकापाशी । गर्दी दाटे सांजेशी ।
कान माझा परदेशी । शोधी मराठी ॥

शेवटचा चरण अचानक थांबतो, त्यामुळे ऐकणाऱ्याचे मन तिथे टेकते. हीच सामग्री अभंगात घातली तर मोजमाप घट्ट होते. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत :

दुकानाच्या दारी । मराठी कानाशी ।
ओळख मनाशी । पटे क्षणी ॥

जोडाक्षर एकच अक्षर धरायचे, हे मुलांना आवर्जून सांगावे. ‘क्षणी’ म्हणजे दोन अक्षरे. बोटांवर मोजून पाहायला लावा, त्यांना तो खेळ आवडतो.

ओवीबद्दल थोडे अधिक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ग्रंथात जाण्याआधी ती जात्यावर आणि उखळापाशी होती. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या आधी दीडशे वर्षांहून जास्त. ‘ओवणे’ या क्रियापदाशी तिचे नाते सांगतात, फुले ओवावीत तसे शब्द ओवायचे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या आवाजासकट प्रसिद्ध होऊ लागल्या. त्यात माहेर आहे, सासुरवास आहे, नवऱ्याची दारू आहे, दुष्काळ आहे, आंबेडकरही आहेत.

माझ्याकडे एकदा मुलाकडे मुक्कामाला आलेल्या एक आजी रक्तदाब दाखवायला आल्या होत्या. मशीनचा पट्टा फुगत असताना त्या काहीतरी पुटपुटत होत्या. सोबतच्या नातीने ओशाळून सांगितले, ‘ती अशीच गात असते.’ आजींना विचारले तर जात्यावरच्या ओव्या. किती येतात? त्यांनी हात हवेत फिरवला, म्हणजे मोजल्या नाहीत. नात बारा-तेरा वर्षांची, आजीजवळच्या ह्या ठेव्याला ‘ओवी’ म्हणतात हेच तिला ठाऊक नव्हते. आजीला ‘गाते’ म्हटले की तिथे बोलणे संपते. ‘कुठली ओवी म्हणतेस?’ असे विचारले की सुरू होते. तो रक्तदाब, सांगायचे म्हणजे, दुसऱ्यांदा घेतला तेव्हा दहाने कमी भरला.

वृत्ताकडे वळू. इथे अक्षर ‘लघु’ की ‘गुरू’ हे पाहावे लागते. ऱ्हस्व ते लघु, दीर्घ ते गुरू. आणि ऱ्हस्वापुढे जोडाक्षराचा आघात आला की तेही गुरू. तीन-तीन अक्षरांच्या गटाला ‘गण’ म्हणतात आणि असे आठ गण आहेत. ते लक्षात ठेवायची किल्ली आपण सर्वांनी घोकली होती : यमाताराजभानसलगा. तिचा उपयोग मात्र बऱ्याच जणांना कधी कळलाच नाही. कोणत्याही अक्षरापासून सलग तीन अक्षरे घ्या, त्या अक्षराच्या नावाचा गण तयार. ‘य’पासून ‘यमाता’, म्हणजे लघु-गुरू-गुरू. ‘न’पासून ‘नसल’, म्हणजे तिन्ही लघु. एकाच सूत्रात आठही गण बसवणारा माणूस कोण होता देव जाणे, पण आमच्या शरीररचनाशास्त्रातल्या कुठल्याही युक्तीपेक्षा तो हुशार होता.

‘य’ गण चारदा आला की ‘भुजंगप्रयात’ होते. समर्थांच्या मनाच्या श्लोकांचे वृत्त ते हेच. भुजंगप्रयात म्हणजे सापाची चाल :

किनारा नि वारा नि वाळू नि पाणी
तरी आठवे ती घराची कहाणी

टेबलावर बोट आपटत म्हणून पाहा : ल-गा-गा, ल-गा-गा. एखाद्या ठिकाणी ‘वारा’ऐवजी ‘पवन’ घातले तर अर्थ तोच राहील, पण कान लगेच अडखळेल. याला ‘वृत्तभंग’ म्हणतात. हृदयाचा एखादा ठोका चुकावा तसा तो ऐकू येतो, आणि त्यासाठी गण पाठ असण्याची गरज नसते.

केशवसुतांच्या काळापासून नवे आकार आले. इंग्रजी सॉनेटवरून चौदा ओळींची कविता आली, तिला पुढे ‘सुनीत’ हे नाव रूढ झाले (मूळ शब्दाचा आवाज आणि मराठी अर्थ दोन्ही सांभाळणारे इतके छान भाषांतर मी दुसरे पाहिलेले नाही). कवी अनिलांनी ‘मुक्तछंद’ पुढे नेला आणि नंतर दहा ओळींची ‘दशपदी’ही घडवली. मुक्तछंदाला छंद नसतो हा गैरसमज फार पसरला आहे. त्याच्यात ठरीव मोजमाप नसते, पण बोलण्याची लय असते. ओळ कुठे तोडायची हे तिथे कवीला दर वेळी नव्याने ठरवावे लागते.

आता जे सांगायचे आहे ते खास आपल्यासाठी, कारण आपण अरबी भाषेच्या देशात राहतो. गझल मराठीत रुजवण्याचा पहिला मोठा प्रयत्न माधव जूलियनांचा. ते फारसीचे प्राध्यापक होते. तिला मराठी रक्त दिले ते अमरावतीच्या सुरेश भटांनी, आणि ‘गझलेची बाराखडी’ लिहून नवोदितांना तिचे नियमही त्यांनीच समजावले. पण त्या बाराखडीतले शब्द मराठी पुस्तकात परके वाटतात : शेर, मिसरा, मतला, मक्ता, काफिया, रदीफ. गझलेची घडण फारसीत झाली, तरी हे सगळे शब्द मूळचे अरबी आहेत. त्यांचे अर्थ आपल्या दवाखान्यातल्या एका अरबी सहकाऱ्याने मला चहा पिता पिता सांगितले, आणि नंतर कोशात ताडून पाहिले तर ते तसेच निघाले.

अरबीत कवितेच्या पूर्ण ओळीला ‘बैत’ म्हणतात. बैत म्हणजे घर, आणि वाळवंटात घर म्हणजे तंबू. त्या ओळीचा अर्धा भाग ‘मिसरा’, म्हणजे दुहेरी दरवाजाची एक फळी. दोन फळ्या मिळून दार होते, तसे दोन मिसरे मिळून शेर. ‘मतला’ म्हणजे सूर्य उगवण्याची जागा, गझलेचा पहिला शेर. ‘मक्ता’ म्हणजे कापण्याची जागा, शेवटचा शेर. ‘रदीफ’ म्हणजे त्याच उंटावर किंवा घोड्यावर मागे बसलेला स्वार, आणि ‘काफिया’ म्हणजे मागोमाग येणारा. उदाहरण पुन्हा माझेच, सांगाड्यापुरते :

बोलणे माझे घराशी राहिले
कान आईच्या स्वराशी राहिले

‘राहिले’ हा रदीफ, दोन्ही मिसऱ्यांत जसाच्या तसा. त्याच्या आधीचे ‘घराशी’ आणि ‘स्वराशी’ हे काफिये, म्हणजे यमक. मतल्यात दोन्ही ओळींना ते लागतात, पुढच्या शेरांत फक्त दुसऱ्या ओळीला. आणि मक्त्यात शायर बहुधा आपले टोपणनाव घालतो. अभंगातली नाममुद्रा ती हीच! पंढरपूर आणि शिराझ यांच्यात काहीही ठरलेले नसताना दोन्हीकडच्या कवींना शेवटी आपली सही करावीशी वाटली.

अरबी वृत्तशास्त्र बांधले ते आठव्या शतकात खलील इब्न अहमद याने. त्याचे घराणे मूळचे शेजारच्या ओमानमधले, काम बसऱ्याला. त्याने वृत्तातल्या छोट्या तुकड्यांना नावे दिली ती तंबूच्या सामानाची : एकाचे नाव दोरी, दुसऱ्याचे खुंटी. आपल्याकडे ओवण्यावरून ओवी, त्यांच्याकडे तंबूवरून बैत. शास्त्रीय वाटणारे हे शब्द दोन्हीकडे घरातूनच उचललेले आहेत. आपली मुले शाळेत अरबी शिकतात, तेव्हा ‘बैत’ आणि ‘मतला’ यांचे अर्थ ती आपल्यालाच शिकवतील. गझलेपुरते तरी परदेशी वाढलेले मूल पुण्यातल्या मुलापेक्षा एक पाऊल पुढे आहे.

अलंकारांची यादी भली मोठी आहे, आणि ती पाठ करण्यातच त्यांची सगळी मजा जाते. त्यापेक्षा एकच वस्तू घ्यावी आणि ती फिरवून फिरवून पाहावी. आपल्याजवळ ऑगस्टचे ऊन मुबलक आहे, तेच घेऊ. ‘रोल्लाचे ऊन तव्यासारखे तापते’ ही उपमा. ऊन हे ‘उपमेय’, तवा हे ‘उपमान’. ‘हे ऊन म्हणजे जणू तापलेला तवाच’ म्हटले की उत्प्रेक्षा, कारण ‘जणू’ने कल्पना केली. ‘उन्हाचा तवा आमच्या डोक्यावर पालथा आहे’ हे रूपक, इथे दोन वस्तू एकच झाल्या. ‘हे ऊन नव्हेच, तवा आहे’ म्हणून उन्हालाच नाकारले की अपन्हुती. ‘तवासुद्धा याच्यापुढे गार’ हा व्यतिरेक. ‘ऊन दुपारभर गल्लीत ठाण मांडून बसले होते’ ही चेतनगुणोक्ती. आणि तुलनेला काही सापडेनासे झाले की ‘रोल्लाचे ऊन रोल्लाच्या उन्हासारखेच’ हा अनन्वय. मला विचाराल तर ऑगस्टात फक्त शेवटचा अलंकार खरा.

अलंकार ओळखणे सोपे. ‘प्रतिमा’ आणि ‘प्रतीक’ यांच्यातला फरक मात्र मोठ्यांनाही चकवतो. प्रतिमा म्हणजे शब्दांनी उभे केलेले इंद्रियगोचर चित्र; ते दिसते, ऐकू येते, वासही येतो. प्रतीक म्हणजे अशी वस्तू जी स्वतः तर असतेच, पण स्वतःपेक्षा मोठ्या कशाच्या तरी जागी उभी राहते. आपल्या वस्तीला ‘रोल्ला’ हे नाव ज्या वडाच्या झाडावरून पडले ते प्रचंड झाड आता नाही. चौकात त्याच्या स्मरणार्थ शिल्प आहे. त्या झाडाची सावली, पारंब्या, खाली टेकलेली माणसे यांचे वर्णन केले तर ती प्रतिमा. झाड गेल्यावरही सगळे त्या जागेला झाडाच्याच नावाने हाक मारतात, एवढेच लिहून कवी थांबला, तर ते झाड प्रतीक होऊ लागते. कशाचे, ते मात्र त्याने सांगायचे नसते.

न सांगण्याच्या या कलेला आपल्या शास्त्राने फार पूर्वी नाव दिले आहे. शब्दाच्या तीन शक्ती मानल्या आहेत. ‘बस भरली आहे’ यात शब्दाचा सरळ अर्थ, ही ‘अभिधा’. ‘रोल्ला रात्री झोपत नाही’ यात सरळ अर्थ घेता येत नाही, जागा कशी झोपेल? झोपत नाहीत ती तिथली माणसे, ही ‘लक्षणा’. आणि तिसरी ‘व्यंजना’. आई फोनवर म्हणते, ‘इकडे पाऊस सुरू झाला बरं का.’ वाक्य बरोबर आहे, अर्थही सरळ आहे, पाऊस खरोखरच पडतो आहे. पण तिने हवामान सांगण्यासाठी फोन केलेला नाही. नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धनाने यालाच ‘ध्वनी’ म्हटले आणि तो काव्याचा आत्मा ठरवला. परदेशात राहणाऱ्यांना व्यंजना शिकवावी लागत नाही, आठवड्यातून एकदा ती फोनवरून येते. फक्त तिला नाव असते हे मुलांना सांगायचे.

उरली कथा. मराठीत ‘करमणूक’ आणि ‘मासिक मनोरंजन’च्या काळात तिला ‘गोष्ट’ म्हणत. मग ‘लघुकथा’ आली, ना. सी. फडके यांनी तिच्या ‘तंत्रा’वर भर दिला : वेधक सुरुवात, गुंतागुंत, शेवटी ‘कलाटणी’. स्वातंत्र्याच्या आगेमागे गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी ती घडी मोडली. त्यांच्या कथेला ‘नवकथा’ म्हणतात. तिच्यात बाहेर फारसे काही घडले नाही तरी चालते, माणसाच्या आत काही हलले पाहिजे.

‘घटना’ आणि ‘कथानक’ यांतला फरक मी रुग्णाच्या केसपेपरवरून समजून घेतला. ‘मजुराला ताप आला. चार दिवसांनी तो डॉक्टरकडे गेला. मग त्याला मोठ्या रुग्णालयात हलवले.’ या घटना. ‘मजुराला ताप आला, पण सुट्टी घेतली तर पैसे कापतील आणि पुढच्या महिन्यात बहिणीचे लग्न, म्हणून तो चार दिवस कोणाला बोलला नाही.’ हे कथानक, कारण आता प्रत्येक घटनेला मागच्या घटनेने ढकलले आहे. त्याच्या मनातली ताप आणि लग्न यांची ओढाताण हा ‘संघर्ष’. खोलीतले आठ पलंग, एसीची घरघर, भिंतीवरचे गावच्या दुकानाचे कॅलेंडर हे ‘वातावरण’. आणि ‘बहिणीचे लग्न आणि लपवलेला ताप’ एवढेच जे लेखकाच्या मनात आधी पडले असेल ते ‘कथाबीज’.

आता सगळ्यांत महत्त्वाचा शब्द, ‘निवेदक’. निवेदक म्हणजे लेखक नव्हे. कथा सांगायला लेखकाने नेमलेला माणूस. कवितेतला ‘मी’सुद्धा कवीच असेल असे नाही, आणि हे कळले की ‘हे कवीचे खरेच झाले होते का?’ हा मुलांचा नेहमीचा प्रश्न बदलतो. वरचीच कथा तो मजूर स्वतः सांगू लागला तर ती ‘प्रथमपुरुषी’ होईल, आणि तो तापाबद्दल थोडे खोटेही बोलेल, कारण त्याला स्वतःला धीर द्यायचा आहे. सगळ्यांच्या मनातले जाणणारा ‘सर्वसाक्षी’ निवेदक घेतला तर बहिणीचे, मुकादमाचे, डॉक्टरचे सगळे कळेल, पण कोणाच्याच फार जवळ जाता येणार नाही. शेजारच्या पलंगावरच्या सोबत्याला निवेदक केले तर त्याला रात्रीचे कण्हणे ऐकू येईल, कारण मात्र माहीत नसेल.

मोठ्या मुलांसाठी एक अभ्यास देतो, दिवाळीच्या सुट्टीत करता येईल. हीच कथा त्या बहिणीने सांगितली तर? ती साताऱ्याजवळच्या गावात आहे, मेंदी काढून बसली आहे. भावाने फोनवर तिला फक्त एवढेच सांगितले आहे की इथे हवा जरा गरम आहे. ताप हा शब्द कथेत कुठेही येऊ द्यायचा नाही. एका पानात लिहून पाहा.